गाठीला रक्त पुरवणारी पेशी: काचेच्या बशीपासून परळच्या गोळ्यांपर्यंत

चांदीप, मांडवी आणि वसईच्या पूर्व पट्ट्यातल्या गावांतून कॅन्सरच्या उपचारांसाठी लोक परळला जातात. विरार स्टेशन गाठायचं, लोकलने दादर किंवा प्रभादेवी, आणि मग टाटा रुग्णालयातली रांग. संध्याकाळी घरी परतेपर्यंत फाईलमध्ये दोन-तीन नवे शब्द वाढलेले असतात. ‘बेव्हासिझुमॅब’, ‘सोराफेनिब’, ‘मेट्रोनॉमिक’ असे शब्द घेऊन नातेवाईक डॉक्टरकडे येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: “गाठीचा रक्तपुरवठा तोडणारं औषध आहे म्हणतात. रक्तच तोडलं तर गाठ मरायला हवी ना? मग पुढच्या स्कॅनमध्ये ती परत वाढलेली कशी दिसते?”

प्रश्न अगदी रास्त आहे. या औषधांसाठी घरात दागिने मोडले जातात, जमिनीचा तुकडा विकायचा विचार सुरू होतो, त्यामुळे त्याचं उत्तर नीट मिळायला हवं. हे उत्तर समजून घ्यायचं तर रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची एक पेशी प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी शास्त्रज्ञांनी काय काय केलं, ते पाहावं लागतं.

परळमधली काचेची भांडी

आधी पेशी ‘वाढवणं’ म्हणजे काय ते पाहू. शरीरातला छोटासा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या, पोषक द्रव घातलेल्या बशीत ठेवायच्या आणि शरीराइतक्याच उबेत सांभाळायच्या. यालाच टिश्यू कल्चर किंवा सेल कल्चर म्हणतात. ऐकायला दही लावण्याइतकं सोपं वाटतं. प्रत्यक्षात हवेतला एक जिवाणू किंवा बुरशीचा एक कण आत गेला की आठवड्यांची मेहनत वाया जाते.

हे तंत्र आपल्याकडे आणलं ते एका मराठी बाईने. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे या पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली तयार झाल्या. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, खानोलकर तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. कमलताईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे टिश्यू कल्चर शिकल्या. हेच ते गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून ‘हेला’ पेशी वाढल्या. त्या बाईंना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. त्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

परत आल्यावर कमलताईंनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. पोषक द्रव आणि त्याला लागणारी रसायनं त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच तयार करायला घेतली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आज खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये किंवा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींची कपाटं भरलेली असतात, त्यामागे ही परळची सुरुवात आहे.

पण त्या काळात जगभर वाढायच्या त्या मुख्यतः कॅन्सरच्या पेशी. हेला पेशी गाजरगवतासारख्या पसरतात, त्यांना आवरावं लागतं. निरोगी पेशींचं तसं नाही. त्यातही रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशी फारच हट्टी.

गाठीचा आकार आणि एका सर्जनचा हट्ट

शरीरातली प्रत्येक रक्तवाहिनी आतून एका पातळ थराने मढवलेली असते. हा थर एकाच पेशीच्या जाडीचा असतो. त्या पेशींना एंडोथेलियल पेशी म्हणतात. आपण इथे ‘अस्तरपेशी’ म्हणू. केसाहून बारीक केशवाहिनी तर जवळजवळ या अस्तराचीच बनलेली असते. मोठ्या माणसात या पेशी क्वचितच विभागतात. जखम भरताना, पाळीच्या चक्रात, गरोदरपणात त्या जाग्या होतात आणि काम झालं की पुन्हा शांत बसतात.

१९६०च्या सुमाराला अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत ज्यूडा फोकमन नावाचा तरुण सर्जन रक्ताला पर्याय शोधण्याच्या कामावर होता. शरीराबाहेर काचेत जिवंत ठेवलेल्या थायरॉइड ग्रंथीत त्याने उंदराच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठी धरल्या, पण एक-दोन मिलिमीटरवर अडल्या. त्याच गाठी परत उंदरात घातल्यावर भराभर वाढल्या. काचेतल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या आणि उंदरात फुटत होत्या, हा त्याला दिसलेला फरक.

१९७१ मध्ये फोकमनने हे लेख लिहून मांडलं. गाठ स्वतः एखादा पदार्थ सोडून शेजारच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडे बोलावते, तो पदार्थ अडवला तर गाठ मिलिमीटरभरच राहील, असा त्याचा दावा होता. अनेकांनी त्याला हसण्यावारी नेलं. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या म्हणजे नुसती सूज आहे, असं तेव्हा बऱ्याच जणांचं मत होतं.

त्याच्या कल्पनेतला एक भाग मला आजही फार हुशारीचा वाटतो. गाठीची पेशी बंडखोर असते, ती सतत बदलत राहते आणि औषधाला दाद देईनाशी होते. पण तिला रक्त पुरवणारी वाहिनी रुग्णाच्या स्वतःच्या निरोगी पेशींची असते. मग हल्ला तिच्यावरच करावा, ती कशाला बदलेल? या ‘कशाला बदलेल’कडे आपण पुन्हा येणार आहोत.

नाळेतून, मग गाईच्या ग्रंथीतून

दावा सिद्ध करायचा तर अस्तरपेशी बशीत वाढायला हव्यात. १९७३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एरिक जॅफे आणि सहकाऱ्यांनी त्या मिळवल्या बाळाच्या नाळेतून. बाळंतपणानंतर नाळ टाकूनच दिली जाते. तिच्यातल्या शिरेत एक विकर भरलं की आतलं अस्तर सुटून येतं. त्या पेशी बशीत वाढल्या आणि अंगणात फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना चिकटून त्यांचा थर तयार झाला. पुढच्याच वर्षी बॉस्टनमध्ये फोकमनच्या गटातल्या मायकेल जिम्ब्रोनने आणि सहकाऱ्यांनीही नाळेतल्या पेशी वाढवून दाखवल्या. रक्तवाहिन्यांच्या संशोधनात आजही सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पेशींमध्ये याच नाळेच्या पेशी आहेत.

अडचण अशी की नाळेतली शीर ही मोठी वाहिनी. गाठ बोलावते ती केशवाहिनी. ओढ्याच्या काठी राहणारा आणि समुद्रकाठी राहणारा, दोघेही मासे धरतात. पण एकाची जाळी दुसऱ्याच्या कामाची नसतात.

केशवाहिनीच्या पेशी वाढायला १९७९ साल उजाडलं. फोकमन, हॉडेनशिल्ड आणि झेटर यांनी गाईच्या अधिवृक्क ग्रंथीतून केशवाहिन्यांच्या पेशी काढल्या. बशीच्या तळाला जिलेटिनचा थर दिला आणि कळीची गोष्ट म्हणजे कॅन्सरच्या पेशी ज्या द्रवात वाढल्या होत्या तो द्रव गाळून या पेशींना पाजला. साध्या पोषक द्रवात मरून जाणाऱ्या पेशी त्या द्रवावर महिनोन्‌महिने जगल्या. गाठ काहीतरी सोडते, हे फोकमनचं म्हणणं बशीत दिसलं.

१९८० मध्ये त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. बशीतल्या या पेशी बरेच दिवस तशाच ठेवल्या की त्या आपसूक रांगेत येऊन पोकळ नळ्या तयार करत होत्या. आत रक्त नाही, हृदयाचा ठोका नाही, तरी केशवाहिनीचं जाळं. सूक्ष्मदर्शकाखालची ती छायाचित्रं मी विद्यार्थिदशेत पाहिली, तेव्हापासून या विषयाचा नाद लागला.

मग वेग आला. १९८५ मध्ये त्याच प्रयोगशाळेत डोनाल्ड इंगबर यांच्या एका बशीत बुरशी शिरली. नेहमीप्रमाणे ती बशी फेकून द्यायची. पण बुरशीजवळच्या अस्तरपेशी न मरता गोल होऊन वाढायच्या थांबल्या होत्या, हे त्यांनी पाहिलं आणि बशी ठेवून दिली. त्या बुरशीतून फ्युमॅजिलिन हा पदार्थ मिळाला, त्यावरून टीएनपी-४७० नावाचं औषध बनलं. माणसांवरच्या चाचण्यांत त्याचा मेंदू-मज्जासंस्थेवर वाईट परिणाम दिसला आणि ते रुग्णांपर्यंत पोचलं नाही.

१९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी अस्तरपेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन वेगळं केलं. त्याचं नाव व्हीईजीएफ. हॅरल्ड ड्वोराक यांच्या गटाला १९८३ मध्ये वाहिन्या झिरपायला लावणारा जो पदार्थ सापडला होता, तोही हाच निघाला. १९९३ मध्ये या प्रथिनाला पकडून ठेवणारं प्रतिपिंड उंदरांना दिल्यावर गाठींची वाढ मंदावली. त्याचंच माणसांसाठीचं रूप म्हणजे बेव्हासिझुमॅब, ज्याला अनेक जण ‘अव्हॅस्टिन’ या ब्रँडच्या नावाने ओळखतात.

मधेच १९९८ चा मे महिना येऊन गेला. फोकमनच्या प्रयोगशाळेतल्या दोन नव्या प्रथिनांनी उंदरांच्या गाठी विरघळल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापली. औषध बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर एका दिवसात चौपट झाला. हॉस्पिटलांचे फोन वाजत राहिले. स्वतः फोकमन सांगत राहिला की हे सध्या उंदरांपुरतं खरं आहे. माणसांत तसं काही घडलं नाही. व्हॉट्सॲपवर ‘कॅन्सरवर रामबाण’ म्हणून जे फिरतं, त्यातलं बरंचसं याच पायरीवरचं असतं: उंदीर किंवा बशी.

बशीत पेशी आपलं गाव विसरते

आता मूळ प्रश्नाकडे. औषध व्हीईजीएफ अडवतं, तरी गाठ परत का वाढते?

इतकी वर्षं शास्त्रज्ञ ज्या पेशींवर औषधं तपासत होते, त्या नाळेच्या किंवा गाईच्या निरोगी ग्रंथीच्या होत्या. माणसाच्या गाठीतली वाहिनी त्यांच्यासारखीच असेल, हे गृहीत धरलं होतं. गाठीतल्याच अस्तरपेशी काढून वाढवाव्यात, तर दोन संकटं. एक, गाठीत त्या फार थोड्या असतात आणि सोबत आलेल्या कॅन्सरच्या पेशी बशी बळकावतात. दुसरं जास्त अवघड: अस्तरपेशी ज्या अवयवात राहते तिथल्या शेजारावरून आणि वाहत्या रक्ताच्या दाबावरून ती कशी वागायचं ते ठरवते. बशीत ना शेजार, ना प्रवाह. काही दिवसांत ती आपल्या अवयवाच्या खास खुणा पुसायला लागते.

२००० साली जॉन्स हॉपकिन्समध्येच, जिथे कमलताई शिकल्या त्याच विद्यापीठात, ब्रॅड सेंट क्रॉय आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. पेशी वाढवायच्याच नाहीत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची गाठ आणि त्याच रुग्णाचं निरोगी आतडं, दोन्हींतून ताज्या अस्तरपेशी चुंबकी मण्यांनी वेचल्या आणि लगेच त्यांची जनुकं वाचली. ४६ जनुकं गाठीच्या वाहिन्यांत किमान दहापट जास्त चालू होती. म्हणजे गाठीची वाहिनी खरोखर वेगळी आहे, तिच्यावर तिचे स्वतःचे पत्ते आहेत आणि त्या पत्त्यांवर औषध धाडता येईल. उत्साह वाढला. पण त्यातली बरीच जनुकं भरत आलेल्या जखमेतही चालू असलेली दिसली, म्हणजे पत्ता पूर्णपणे खासगी नव्हता.

२००४ मध्ये क्योको हिदा या जपानी शास्त्रज्ञाने आणि बॉस्टनमधल्या सहकाऱ्यांनी गाठीतल्या अस्तरपेशी वाढवूनच दाखवल्या, त्याही युक्तीने. माणसाच्या कॅन्सरच्या पेशी उंदरात वाढवल्या की गाठ माणसाची, पण तिला रक्त देणारी वाहिनी उंदराची. त्या गाठीतून पेशी काढून बशीत घटसर्पाचं विष घातलं. या विषाने माणसाची पेशी मरते, उंदराची तगते. उरल्या त्या निव्वळ वाहिनीच्या पेशी. त्या तपासल्यावर धक्का बसला. त्यांच्यात गुणसूत्रांची संख्याच बिघडलेली होती. पुढे माणसांच्या मूत्रपिंडाच्या गाठींतही अशा पेशी आढळल्या.

‘निरोगी पेशी कशाला बदलेल’ या गृहीतकाला हा तडा होता. गाठीत राहून तिची वाहिनीसुद्धा बिघडते. शिवाय गाठीकडे व्हीईजीएफ हा एकच निरोप्या नसतो. एक अडवला तर ती दुसरा पाठवते, किंवा आधीपासून असलेल्या वाहिनीच्या कडेकडेने सरकत वाढते. रक्त ‘तोडणारं’ औषध प्रत्यक्षात रक्त कमी करतं, काही काळ. आयआयटी कानपूरला शिकलेले राकेश जैन यांनी २००१ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला. गाठीच्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, औषधाने त्या थोड्या सरळ होतात आणि केमोथेरपी आत नीट पोचते. म्हणूनच बेव्हासिझुमॅब बहुतेक वेळा केमोसोबत देतात.

आकडे काय सांगतात? मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये नुसत्या केमोवर मध्यम आयुर्मान १५.६ महिने होतं, बेव्हासिझुमॅब जोडल्यावर २०.३ महिने. त्या आधारावर २००४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. स्तनाच्या कॅन्सरसाठी २००८ मध्ये मिळालेली मंजुरी मात्र अमेरिकी औषध प्रशासनाने २०११ मध्ये काढून घेतली, कारण आयुष्य वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. औषध तेच, वाहिन्या वेगळ्या अवयवातल्या. त्यामुळे ‘शेजारच्या काकांना दिलं, आम्हाला का नाही’ या प्रश्नावर डॉक्टर हात आखडता घेत नसतात. गाठ कुठली आहे यावर ते ठरतं.

भावाची लढाई मुंबईतच

यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरची सोराफेनिबची गोळी याच घराण्यातली. ती अस्तरपेशीवरचे व्हीईजीएफचे दरवाजे बंद करते, इतरही काही. यकृताच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये मध्यम आयुर्मान ७.९ वरून १०.७ महिने झालं. महिन्याची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नॅटको या हैदराबादच्या कंपनीला ही गोळी बनवायचा सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याचा खर्च नऊ हजारांच्या आत आला. देशातला असा हा पहिला परवाना. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो कायम ठेवला.

ठेक्यात दिलेली गोळी

आपल्या भागातल्या रुग्णांसाठी या इतिहासाचा सर्वांत जवळचा भाग हा आहे. तंबाखू, गुटखा, मशेरीमुळे होणारे तोंडाचे कॅन्सर आपल्याकडे भरपूर, आणि बरेच जण उशिरा पोचतात.

२००० मध्ये फोकमनच्या गटातल्या टिमथी ब्राउडर यांनी उंदरांवर दाखवलं की नेहमीचंच केमोचं औषध मोठ्या डोसात तीन आठवड्यांनी देण्याऐवजी कमी अंतराने देत राहिलं, तर मार वाहिन्यांच्या अस्तरपेशींवर बसतो. मोठ्या डोसांमधल्या सुट्टीत या पेशी सावरतात, ती सुट्टीच द्यायची नाही. २००२ मध्ये कॅनडातल्या रॉबर्ट कर्बेल यांच्या गटाने बशीत हेच तपासलं. फार थोडं औषध बरेच दिवस सतत दिलं तर माणसाच्या अस्तरपेशी वाढायच्या थांबतात, त्याच मात्रेत इतर पेशींना फारसं काही होत नाही. तबल्याचा ठेका जसा न चुकता चालू राहतो, तसा हा डोस, म्हणून नाव ‘मेट्रोनॉमिक’.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी हे मनावर घेतलं. २०१६ ते २०२० मध्ये त्यांनी परत उद्भवलेल्या किंवा ऑपरेशनपलीकडे गेलेल्या डोके-मानेच्या कॅन्सरच्या ४२२ रुग्णांवर तुलना केली. अर्ध्यांना शिरेतून सिस्प्लॅटिन, अर्ध्यांना मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या स्वस्त गोळ्या. गोळ्यांवरच्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान ७.५ महिने, सिस्प्लॅटिनवर ६.१. तीव्र दुष्परिणाम १९ टक्के विरुद्ध ३० टक्के. हा फायदा केवळ वाहिन्यांमुळे झाला असं म्हणता येणार नाही, या औषधांचे इतरही परिणाम असतात. पण सलाइन लावायला महिन्यातून परळची वारी करण्याऐवजी घरी गोळी घेणं, यात किती फरक आहे हे विरारची गर्दीची लोकल पकडणाऱ्याला सांगायला नको. २०२२ मध्ये याच गटाने तीन गोळ्यांच्या मेट्रोनॉमिक उपचाराला निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी मात्रेत जोडलं. एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्के झालं.

तुमच्या फाईलमध्ये यातलं काही लिहिलं असेल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. बेव्हासिझुमॅब किंवा त्या प्रकारचं औषध चालू असताना दात काढायचा, हर्निया किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. जखम भरण्यासाठी ज्या अस्तरपेशी लागतात त्यांनाच हे औषध अडवतं. मोठ्या ऑपरेशननंतर किमान २८ दिवस ते देत नाहीत. बीपी नियमित मोजा आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी चुकवू नका. पोटात अचानक जोरात दुखलं किंवा रक्तस्राव झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आणि मेथोट्रेक्सेटची गोळी मेट्रोनॉमिक उपचारात आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकतं. वार ठरवून घ्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या वाराला लाल खूण करा आणि घरात गोळ्या देणाऱ्या दुसऱ्या माणसालाही ती खूण दाखवून ठेवा.